‘एमपीएससी कर’ म्हणतात, पण मला फिजिक्समध्येच राहायचंय

विचारणारी मुलगी सुरगाणा तालुक्यातली, कोकणा समाजाची. नाशिकला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स, राहते आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात. तिचं पत्र मोठं आहे, सार एवढं: ‘ताई, मला संशोधनात जायचंय. घरचे म्हणतात एमपीएससी कर, नाही जमलं तर बीएड. आपल्यातलं कुणी शास्त्रज्ञ झालंय का? किती वर्षं लागतात आणि तोवर घरी काय सांगायचं? दाखल्यांचं काय काय लागतं? आणि "कोट्यातून आलीस" असं कुणी तोंडावर म्हटलं तर काय करायचं?’

क्रम मी बदलते. घरात भांडण होतं ते पैशांवरून, म्हणून आधी पैसे.

मी जुन्नरच्या पश्चिमेकडची, महादेव कोळी. आमच्या पट्ट्यात भात पोटापुरता आणि रोख पैसा हिरड्याचा. एप्रिल-मेमध्ये हिरडा पाडायचा, अंगणात वाळवायचा, पोती भरायची. आमची आई वर्षं मोजत नाही, हिरडे मोजते. एमएस्सी झाल्यावर मी पीएचडीचं नाव काढलं तेव्हा तिनं विचारलं, ‘अजून किती हिरडे?’ मी म्हटलं, सहा. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘सहा हिरडे आम्ही घालायचे का तुझ्यात?’ मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. तुझ्या आईला आता देते: नाही, घालावे लागत नाहीत. पीएचडी करणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात. आपल्याकडे ही गोष्ट निम्म्या घरांना ठाऊकच नसते. त्यांना वाटतं पीएचडी म्हणजे बीएस्सीसारखंच, फी भरायची आणि डबा पाठवायचा.

सीएसआयआर-यूजीसीची नेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची ज्युनिअर फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. होस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. जेआरएफ नाही निघाली तरी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, ती एसटी विद्यार्थ्यांसाठीच असते, वर्षाला ७५० जणांना. परदेशासाठीही शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या जागा देशभरात मिळून २०, तेव्हा तिच्यावर घर बांधू नकोस.

आता हिशेब मांड. तू एकवीसची आहेस असं धरते. तेविसाव्या वर्षी एमएस्सी, एखादं वर्ष नेटमध्ये जाणार, चोविसाव्याला पैसा सुरू. पीएचडी तिशीच्या आसपास. पक्की नोकरी बत्तीस ते पस्तीस. हा शेवटचा आकडा कुणी तुझ्यापासून लपवत असेल तर त्या माणसाचा सल्ला घेऊ नकोस. अकरा ते चौदा वर्षं म्हणजे अकरा ते चौदा वर्षंच. फक्त त्यातली निदान आठ तू घरी थोडे का होईना पैसे पाठवू शकतेस. एमपीएससीचा हिशेबही याच वहीत मांडून आईला दाखव. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसची खोली, क्लास. आमच्या गावची तीन मुलं तिथे पाच-पाच वर्षं बसली. एक लागला, दोघं परत आले, आणि ती सगळी वर्षं पैसे घरून पुण्याला जात होते, पुण्याहून घरी नाही.

एक इशारा. फेलोशिप मंजूर होणं आणि खात्यात येणं यात अंतर असतं. माझे पहिले पैसे सात महिन्यांनी एकदम आले. तोवर मेसच्या मावशींनी वहीवर लिहून जेवू घातलं. त्या आधी कुणाला जेवू घालत होत्या हे मी विचारलं नाही, पण वही जुनी होती. पीएचडीला जाताना चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी ठेव, उसनी घेतलीस तरी चालेल, पण आधीच सांगून ठेव.

एमपीएससी-यूपीएससीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले, मग आयएएस, आणि कोविडच्या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना ऑक्सिजनचे प्लांट त्यांनी वेळेआधी उभे करून ठेवले होते. तुझ्या घरचे त्यांच्याकडे बघून बोलतात, आणि ते चूक नाही. आपल्या माणसांनी सरकार पाहिलंय ते तलाठी, फॉरेस्ट गार्ड आणि साहेब यांच्या रूपात. खुर्चीवर आपलं कुणी बसावं असं वाटणारच. प्रयोगशाळा त्यांनी पाहिलेलीच नाही, तर ती मागतील कशी?

आता ‘आपल्यातलं कुणी’. आहेत. थोडे आहेत, पण आहेत.

गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचं लहानसं गाव आहे. भास्कर हलामी तिथले. २०२२ साली त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत आलं तेव्हा ते अमेरिकेत मेरीलँडमध्ये, सिरनाओमिक्स या औषध कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते, काम आरएनएवर. बातम्यांनी उचललं ते त्यांचं लहानपण: पावसाळ्यात घरात दाणा नसायचा आणि मोहाची फुलं शिजवून खायचे. ते खरंच असणार, पण मी ती बातमी वाचली तेव्हा माझं बोट दुसऱ्याच ओळीवर थांबलं. त्यांच्या वडिलांना शंभरेक किलोमीटरवर कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली होती. तिथल्या आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिक्षण, मग परीक्षा देऊन यवतमाळ जिल्ह्यात केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात दहावीपर्यंत, गडचिरोलीत बीएस्सी, नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केमिस्ट्रीत एमएस्सी. २००३ मध्ये नागपूरच्या एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, सहायक प्राध्यापक. मधे एमपीएससीही पास झाले, पण संशोधन सोडलं नाही आणि मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएचडी केली. बघ, वाट सगळी सरकारी शाळा-कॉलेजांतून गेली आहे. आणि तिच्या तोंडाशी एका स्वयंपाक्याचा महिन्याचा पगार आहे. भुकेनं कुणी शास्त्रज्ञ होत नाही गं. घरात एक ठरलेली रक्कम यायला लागली की मग मूल शाळेत टिकतं.

दुसरं नाव सोनाझरिया मिंझ. झारखंडच्या उराँव समाजातल्या, गणितात एमएस्सी, मग संगणकशास्त्रात पीएचडी, दिल्लीच्या जेएनयूत प्राध्यापक. २०२० मध्ये दुमक्याच्या सिदो कान्हू मुर्मू विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. आदिवासी बाई आणि कम्प्युटर सायन्स हे दोन शब्द एका वाक्यात येतात, हे तुझ्या वसतिगृहातल्या मुलींना मुद्दाम सांग.

मी स्वतः यात आले ती सातवी-आठवीत असताना. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आश्रमशाळेतल्या सरांनी आम्हाला खोडदला नेलं, नारायणगावच्या पुढे, जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला. तालुका एकच, पण आम्ही ते कधी पाहिलं नव्हतं. पूर्व जुन्नर म्हणजे बागायत, आणि आमच्याकडची माणसं तिकडे जायची ती मजुरीला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही तिथेच जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. मला वाटलं होतं तबकडी म्हणजे पत्रा. जवळ गेले तर जाळी, आणि जाळीतून पलीकडचं आभाळ. मी शेजारणीला म्हटलं, हे तर खुराड्याला लावतात तसलं. तिथे माहिती सांगणाऱ्या माणसानं ते ऐकलं. तो रागावला नाही. म्हणाला, ‘घरी नाचणी चाळतेस ना? चाळणीतून काय पडायचं ते भोकावर ठरतं. आम्ही धरतो ती लाट वीतभर, नाहीतर त्याहून मोठी. जाळीचं भोक बोटाच्या पेराएवढं. लाटेच्या लेखी इथे भोक नाहीच, पत्राच आहे.’

आभाळातल्या हायड्रोजनकडून येणारी ती रेडिओ लाट २१ सेंटिमीटरची असते हे मला खूप वर्षांनी कळलं. पण वीत तेव्हाच लक्षात राहिली, आणि एसटीत बसून मी सगळ्या रस्ताभर खिडकीच्या गजावर वीत मोजत होते. आज मी एका केंद्रीय प्रयोगशाळेत क्षीण संकेत फारशी खरखर न मिसळता मोठे करणारे, म्हणजे कमी नॉइजचे, अ‍ॅम्प्लिफायर बांधते, चौदा वर्षं झाली.

मधला रस्ता मात्र एवढा सरळ नव्हता. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत. अकरावीला सर ‘मोमेंटम’ म्हणत होते आणि मी पंधरा दिवस समजत होते की हे काहीतरी नवीन आहे, आपल्याला न शिकवलेलं. एके दिवशी फळ्यावर वस्तुमान गुणिले वेग असं लिहिलं गेलं आणि माझ्या लक्षात आलं, अरे, हा तर संवेग! मला माहीत असलेलीच गोष्ट मी पंधरा दिवस घाबरून बघत होते. त्या रात्री वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. प्रवेग, संवेग, रोध, विभवांतर. ती वही चाळीस पानं झाली. आणि माझी निदान घरची बोली मराठी होती. तुझी घरची बोली वेगळी, पावरा आणि माडिया मुलांची तर फारच वेगळी. तुमच्यासाठी मराठी हीच आधी परकी भाषा असते आणि इंग्रजी तिच्यानंतरची. तरी बोलण्याच्या इंग्रजीचं ओझं घेऊ नकोस. संशोधनात लागतं ते वाचण्याचं आणि लिहिण्याचं इंग्रजी. आठवड्याला एका शोधनिबंधाची चार पानं, शब्द अडला तरी पुढे रेटायची.

तुझा ‘कोट्यातून आलीस’ हा प्रश्न मी शेवटी ठेवणार होते, पण तो सगळ्यात महाग पडतो म्हणून इथेच घेते.

एमएस्सीला मी जेएएम ही आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा देऊन एका मोठ्या संस्थेत गेले. पहिल्याच आठवड्यात विभागाच्या मागच्या टपरीवर सगळे चहाला उभे होते. एकानं विचारलं, ‘रँक किती तुझा?’ मी सांगितला. ‘ऑल इंडिया, की कॅटेगरी?’ मी म्हटलं, कॅटेगरी. तो ‘अच्छा’ म्हणाला आणि शेजारच्याशी बोलायला लागला. बस, एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही, तक्रार करावी असं काही नाही. त्या ‘अच्छा’नंतर मी दीड वर्ष त्या टपरीवर गेले नाही.

त्या दीड वर्षात माझं काय बुडालं ते नंतर कळलं. उन्हाळी प्रकल्पाचा फॉर्म कधी निघतो, कुठल्या सरांकडे पीएचडी आठ-आठ वर्षं रेंगाळते, कुठल्या सरांना मेल केली तर उत्तर येतं, नेटवर्क अ‍ॅनालायझर हे मोजणीचं यंत्र रात्री नऊनंतर रिकामं असतं आणि चावी कुणाकडे असते, यातलं काहीच नोटीस बोर्डावर लागत नाही. ते सगळं चहावर सांगितलं जातं. ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत त्यांना ते जेवणाच्या ताटावर कळतं. आपल्यासाठी टपरी हीच एक जागा, आणि तिथून मी स्वतःहून उठून गेले होते.

परत नेलं ते लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी. वर्ध्याकडचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांच्याकडे सोल्डरिंग शिकत होते. आमच्या कामात एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असे कपॅसिटर असतात, मोहरीएवढेही नाहीत. मायक्रोस्कोपखाली चिमट्यानं धरून बसवायचे. हात थरथरला की तो तुकडा उडतो आणि मग जमिनीवर शोधण्यात अर्थ नसतो. काका म्हणायचे, श्वास सोडत आण, श्वास घेताना कधी टेकवू नको. आधी पॅडवर फ्लक्स, टोकावर नखभर सोल्डर, एक बाजू धरून घ्यायची, दुसरी पक्की करायची, मग पहिलीवर परत यायचं. जोड चकचकीत दिसला पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसला तर तो ड्राय जॉइंट, आज चालेल, सहा महिन्यांनी दगा देईल. मला ते लवकर जमलं. हिरडा निवडून हात आणि डोळे तयार झालेले असावेत, असं आपलं मला वाटतं. एक दिवस मी दिवसभर बसून बारा जोड केले, बाराही पास. काकांनी बोर्ड उचलून बघितला आणि म्हणाले, ‘चाल वं, चहा पिऊ.’ टपरीवर त्यांनी तो बोर्ड तसाच सगळ्यांच्या मधे ठेवला, ‘हे हिनं केलं’ एवढंच म्हणाले आणि बिस्कीट बुडवत बसले. ‘अच्छा’वाला मुलगाही तिथे होता. त्यानं बोर्ड उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, ‘टिपचं तापमान किती ठेवतेस?’

तर कुणी म्हटलं की कोट्यातून आलीस, की ‘हो, एसटीतून’ म्हणायचं. आवाज न चढवता, न पाडता. आरक्षणाचा इतिहास समजावत बसू नकोस, समोरच्याला तो ऐकायचा नसतो आणि तुझी संध्याकाळ जाते. सवलत प्रवेशाच्या दारापर्यंत असते. आतल्या परीक्षेचे गुण, प्रबंध आणि तो तपासणारा परीक्षक सगळ्यांना सारखाच. हे तुला माहीत असलं की पुरे. त्याला मात्र लगेच कामाचं काहीतरी विचार. आणि दुसऱ्या दिवशी परत चहाला जा. रडू आलं तर खोलीवर रड, पण चार वाजता टपरीवर दिस.

एवढं करूनही आपली माणसं वर कमी का दिसतात? थोडं गणित आहे. केंद्रात एसटीचं आरक्षण साडेसात टक्के. शंभराला साडेसातानं भागलं की तेरा पूर्णांक काहीतरी येतं, म्हणजे रोस्टरमध्ये, कुठली जागा कुणाला राखीव ते ठरवणाऱ्या यादीत, आपली पहिली जागा चौदावी. विद्यापीठात प्रत्येक विभाग वेगळा धरला आणि विभागात प्राध्यापकच सहा असले, तर चौदावी जागा येणार कधी? २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं विभागच घटक धरायला सांगितलं होतं. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि २०१९ च्या कायद्यानं पूर्ण संस्था हा घटक ठरला. त्यानं फरक पडला. पण होमी भाभा राष्ट्रीय संस्था, टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, अशा काही संस्था प्रवेशाच्या २००६ च्या आरक्षण कायद्यातून वगळलेल्या आहेत, हेही ठाऊक असू दे. म्हणून तिथे अर्ज करायचा नाही असं नाही. कर, फक्त तयारी त्या हिशेबानं कर.

जागा असूनही रिकामी राहते, त्याचं कारण वेगळं. निवड समितीच्या कागदावर तीन अक्षरं येतात, एनएफएस: नॉट फाउंड सूटेबल, योग्य उमेदवार मिळाला नाही. निवड समितीवर एससी-एसटीपैकी एक सदस्य लागतो म्हणून आता कधी कधी मला बोलावतात, त्यामुळे हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. मुलगा चांगला असतो, काम स्वतः केलेलं असतं, पण इंग्रजीत तोंडी विचारलं की दोन वाक्यांत आटोपतो आणि मान खाली घालतो. समिती एकमेकांकडे बघते. अशा वेळी मी एकच करते, त्याच्या हातात खडू देते. फळ्यावर सर्किट काढायला सांगितलं की तोच मुलगा वीस मिनिटं थांबत नाही. दर वेळी त्यानं निकाल बदलतो असं नाही. तू मात्र मुलाखतीत खडू स्वतःहून माग. ‘मे आय यूज द बोर्ड’ एवढं एक वाक्य पाठ कर, त्याला कुणी नाही म्हणत नाही. आणि रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी ‘विशेष भरती मोहीम’ नावानं जाहिराती निघतात, त्यांच्यावर डोळा ठेव. त्या फार गाजावाजा न करता येतात आणि जातात.

कागदपत्रं. इथे आपली निम्मी ताकद जाते, म्हणून आताच, बीएस्सी संपायच्या आत काम सुरू कर. जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यात असेल, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढून ठेव. एसटीला नॉन-क्रीमीलेअर लागत नाही, त्यामुळे एकदा काढला की झालं. खरी लढाई वैधतेची, म्हणजे व्हॅलिडिटीची: जमातीचा दावा खरा आहे हे पडताळणी समितीपुढे सिद्ध करायचं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची किंवा गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरमधली नोंद शोध. ६ सप्टेंबर १९५० च्या, म्हणजे अनुसूचित जमातींची यादी निघाली त्या तारखेच्या, आधीची असेल तर सोनंच. आमच्या घरात एका चुलत आजोबांचा शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत सापडला, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला, पण ‘महादेव कोळी’ हे शब्द शाबूत. त्या कागदावर आमची अख्खी भावकी शिकली. नावाच्या स्पेलिंगकडेही बघ. यादीत कोकणा, कोकणी, कुकणा अशी रूपं आहेत. तुझ्या सगळ्या कागदांवर एकच रूप आणि आडनावाचं एकच स्पेलिंग असू दे. माझ्या बारावीच्या मार्कशीटवर एक अक्षर जास्त होतं, त्यासाठी मी जुन्नर-पुणे अकरा फेऱ्या मारल्या.

ही एवढी तपासणी आपल्यालाच का, असं वाटतं. माझ्या जमातीच्या नावावरच तर देशभराचा नियम निघाला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्या माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, तो दावा महादेव कोळी असल्याचाच होता आणि तो टिकला नाही. महाराष्ट्रात आदिवासींच्या जवळपास साडेबारा हजार सरकारी जागा दुसऱ्यांनीच बळकावल्याचं पुढे सरकारनंच मान्य केलं, आणि २०१९ च्या अखेरीस त्या माणसांना अधिसंख्य, म्हणजे तात्पुरत्या जादा, पदांवर हलवण्याचा निर्णय झाला. त्यामुळे तपासणीला विरोध करणाऱ्यांतली मी नाही. चौकशीला माणूस घरी येईल, कुलदैवत विचारेल, लग्नातले विधी विचारेल. आई-आजीला आधी सांगून ठेव, घाबरून उलटसुलट बोलतात.

पीएचडी हा एकच दरवाजा नाही. बीएस्सीवर बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची, स्टायपेंडरी ट्रेनी (पगारी प्रशिक्षणार्थी) भरती असते, इस्रोत सायंटिफिक असिस्टंट असतात. पगार लवकर सुरू होतो आणि हात कामात राहतो. माझे ते काका याच वाटेनं आलेले. कागदावर ते टेक्निशियन होते आणि आमच्या विभागातल्या निदान दहा पीएचडी त्यांच्या हातून झाल्या. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही, तिथे ओळखीनं बोलावणं येतं, आणि आपली ओळख कमी. तिथेही परत चहाच आडवा येतो.

तुझ्या आईनं जी भीती बोलून दाखवली नसेल ती मी बोलते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवीचा जीव गेला. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, एमडी करत होती. सीनिअर मुलींनी जातीवरून छळल्याचे आरोप झाले आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा आमच्या आईनं मला फोन करून एवढंच विचारलं होतं, ‘तुला तर कुणी काही बोलत नाही ना?’ म्हणून सांगते. जिथे जाशील तिथला एससी-एसटी सेल कुठल्या खोलीत आहे आणि संपर्क अधिकारी कोण, हे पहिल्या आठवड्यात बघून ये, गरज नसताना. कुणी काही बोललं तर त्याच रात्री तारीख, वेळ, शब्द वहीत लिही. आणि ते एका तरी माणसाला सांग, त्याच दिवशी. दडवून ठेवून अभ्यास होत नाही, हे मी दीड वर्षं करून बघितलंय.

आत्ताचं काम: जेएएमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटीत एससी-एसटीला ट्यूशन फी माफ असते, मेसचा खर्च राहतो. एमएस्सीच्या पहिल्या वर्षात असताना दिवाळीच्या सुमाराला विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भर. दोन महिने खऱ्या लॅबमध्ये राहायला मिळतं, वर पैसेही देतात. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था एकाच आवारात आहेत, तिथल्या उन्हाळी कार्यक्रमांवरही नजर ठेव. गाईडला पाठवायची पहिली मेल मला आधी दाखव. सहा ओळींच्या वर नको, आणि ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ पुअर ट्रायबल स्टुडंट’ अशी सुरुवात तर अजिबात नको. तू काय वाचलंस आणि काय करता येतं, तेवढं लिही.

फोन रात्री आठनंतर कर. मे महिन्यात मी गावी असते, हिरड्याला, आणि आमच्या वाडीत रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, तीही कधी कधी. तेव्हा जे असेल ते एप्रिलच्या आत विचार.